एका वेळी चार लग्नं

सकाळी सहाला संगमनेरच्या अकोले नाक्यावर दोनच गोष्टी उघड्या असायच्या, चहाची टपरी आणि आरती फोटो स्टुडिओ. टपरीचं ठीक आहे, ड्रायव्हर लोकांना चहा लागतो. पण स्टुडिओ इतक्या पहाटे कोणासाठी उघडतात हे कोडं नाक्यावर कोणालाच सुटलं नव्हतं. फोटो काढायला त्या वेळी कोण येणार? लोकांची तोंडंसुद्धा धुवून झालेली नसतात.

कारभारी वाकचौरे मात्र दीड महिना नेमाने येत होते. शटर वर करायचं, झाडून घ्यायचं, उदबत्ती लावायची आणि मग कॉम्प्युटरसमोर बसून एका वेळी चार लग्नं लावायची. स्क्रीनचे चार कोपरे, चार कोपऱ्यांत चार नवऱ्या. आवाज बंद, कारण चार ठिकाणचे बँड एकदम वाजले असते तर टपरीवाला धावत आला असता. वहीत चारही लग्नांपुढे बरोबरची खूण करायची, आणि साडेआठला सून यायच्या आत सगळं बंद करून दारातल्या बाकावर पेपर वाचत बसायचं. सासरा म्हणजे किती साधा माणूस, असं बघणाऱ्याला वाटावं.

कारभारींचं वय सदुसष्ट. पंचवीस वर्षं त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. खांद्यावर मावत नसे एवढा कॅमेरा घेऊन अकोल्याच्या डोंगरापासून राहात्यापर्यंत सगळा मुलूख त्यांनी पालथा घातला. वीज नसेल तिथे जीपमध्ये जनरेटर टाकून न्यायचे. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा त्यांनी कॅमेरा मुलाकडे, भागवतकडे दिला. भागवत आता ड्रोन उडवतो आणि सीझनमध्ये घरी झोपायलाही येत नाही. दुकान सांभाळायची त्याची बायको धनश्री. शूटिंग आलं की ते कापून, जोडून, गाणी घालून त्याचा पिक्चर करायचा, याला या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. धनश्रीचा त्यात हात धरणारा नाक्यावर कोणी नव्हता, हे कारभारीही मानायचे. तिच्या पाठीमागे.

कारभारींचं काय होतं, तर त्यांची तीनशे बारा लग्नं. जुन्या कॅसेटवरची. कॅसेटला बुरशी धरायला लागली तेव्हा त्यांनी दोन वर्षं खपून एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. ते काम संपलं त्या दिवाळीला धनश्रीने दुकानाची साफसफाई काढली आणि तीन पोती कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. तिचं काही चुकलं नव्हतं. बुरशी लागलेल्या कॅसेटची पूजा करायची होती का? पण ती तीन पोती घेऊन हातगाडी वळणाआड जाईपर्यंत कारभारी दारात उभे राहिले. आता ती तीनशे बारा लग्नं जगात एकाच ठिकाणी होती, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यातल्या एका हार्डडिस्कवर.

आणि मग चैत्रात तो सचिन आला.

सचिन म्हणजे बसस्टँडमागचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. पोरगा हुशार आणि बोलका. धनश्रीची तक्रार होती की ड्रोनचं शूटिंग उघडायला मशीन अर्धा तास घेतं. सचिनने एक नवीन वस्तू आणली, काडेपेटीच्या चपट्या बहिणीएवढी. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर, म्हणून ती चटकन काम करते. जुनी हार्डडिस्क आतल्या तबकड्या गरगर फिरवून एकेक गोष्ट शोधते, म्हणून तिला वेळ लागतो. पण तिच्यात मावतं मात्र मुबलक.

"नुसती एसएसडी घ्यायची तर एवढी मोठी परवडायची नाही, ताई," सचिन म्हणाला. "म्हणून मी दोघींची जोडी लावून देतो. तुम्हाला एकच ड्राइव्ह दिसेल. तुमच्या स्वयंपाकघरात कसं, रोजचे डबे ओट्यावर आणि वर्षाचं धान्य कोठीत? तसंच. ज्या फाइली रोज उघडाल त्या मशीन आपोआप एसएसडीवर आणून ठेवील. ज्यांना बरेच दिवस हात लागला नाही त्या जुन्या डिस्कवर जातील."

"आणि ती जुनी डिस्क किती टिकंल?" बाकावरून कारभारींनी विचारलं.

"वय झालंय तिचं, मामा. चाललीय तोवर चाललीय."

सचिन हे सहज बोलून गेला आणि चहा पिऊन निघून गेला. कारभारी मात्र रात्री जेवले नाहीत. त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. जे उघडलं जाईल ते नव्या डिस्कवर, म्हणजे वाचलं. जे कोणी उघडणार नाही ते म्हातारीबरोबर जाणार. त्यांची लग्नं उघडणारं कोण होतं? कोणी नाही. मग आपणच उघडायची, रोज चार, पाळी लावून, म्हणजे मशीनला वाटेल की या लग्नांना मागणी आहे.

युक्ती खोटी नव्हती. मशीनला खरंच तसं वाटलं.

दीड महिन्यात निम्म्याहून जास्त लग्नं बघून झाली आणि कारभारींना हुशारी वाटायला लागली. जेवण सुधारलं. सकाळचा तो वेळ त्यांना फार आवडायचा. निमोणचा नवरदेव घोड्यावरून घसरला तो क्षण त्यांनी तीनदा बघितला. आश्वीच्या लग्नात आपण फोकस चुकवला होता हे त्यांना वीस वर्षांनी कळलं, आणि एकटेच असून ते शरमले. ओळखीची माणसं तरुण होऊन समोरून जात होती, पंगती उठत होत्या, आणि कारभारींना वाटायचं, झालं, हीही आता सुरक्षित.

इकडे धनश्रीचं मशीन मात्र पुन्हा बैलगाडी झालं.

वैशाखातली लग्नं अंगावर आलेली, आणि कोणतीही क्लिप उघडली की पडद्यावर तो गोल चक्कर मारत बसायचा. आठवडाभर तिने फोनवर सचिनला सोलून काढलं. तू डुप्लिकेट वस्तू दिलीस इथपर्यंत गोष्ट गेली. त्यातच राजूरच्या दिपालीचं काम आलं. तिचा नवरा फौजी, लग्नाच्या सुट्टीवर आलेला. आज संध्याकाळी तो मनमाडहून रेल्वे धरणार होता आणि लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर बरोबर नेणार होता. चार वाजता पेनड्राइव्ह द्यायचा असं भागवतने कबूल केलं होतं. अकरा वाजले तरी निम्मंसुद्धा काम झालं नव्हतं.

सचिनला तिने बोलावून घेतलं. त्याने डब्याला कान लावला. आतून घरघर ऐकू येत होती.

"ऐका ताई. जुनी डिस्क दमलीय. एसएसडी कशानं तरी गच्च भरलीय, म्हणून तुमचं नवीन काम सगळं हिच्या डोक्यावर पडतंय."

"कशानं भरली? मी तर फक्त दिपालीचं लग्न घेतलंय."

"काय की. कधीकधी मशीनचं डोकं फिरतं." त्याने डोकं खाजवलं. "आजच्या आज एकच इलाज आहे. जोडी तोडू. दिपालीचं काम बाजूला काढून घेतो आणि मशीन नुसत्या एसएसडीवर चालवतो. तासाभरात मोकळ्या व्हाल."

"आणि बाकीचं?"

"जोडी तोडली की बाकीचं वाचता यायचं नाही. दोघींवर मिळून ठेवलेलं असतं ना ते. सगळं कॉपी करून घ्यायचं तर दोन दिवस लागतील आणि तेवढी मोठी दुसरी डिस्क लागेल. आज आहे का?"

धनश्रीने घड्याळाकडे बघितलं. कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"बाकीचं म्हणजे मामांची जुनी लग्नं," ती हळू बोलली, पण दुकान दहा बाय बाराचं, हळू बोलून उपयोग नव्हता. "जाऊ दे. मी लागल्यापासून एकानंही येऊन ती मागितलेली नाहीत. तोड."

कारभारी दारात चहाचे तीन ग्लास घेऊन उभे होते. आपणच ही वेळ आणली हे त्यांना लख्ख कळलं. लग्नं वाचवायला म्हणून जे केलं, त्यानेच ती मरायला निघाली होती. गप्प बसलं तर तासाभरात तीनशे बारा लग्नं जाणार. बोललं तर सुनेसमोर आणि या कालच्या पोरासमोर अब्रू जाणार.

सचिनने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"थांब," कारभारी म्हणाले. "मशीनचं डोकं न्हाई फिरल्यालं. माझं फिरलंय."

दोघं वळून बघायला लागले.

"मीच उघडितो ती. रोज सकाळच्याला. चार-चार." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवले आणि सदऱ्याच्या खिशातून वही काढून धनश्रीपुढे धरली. "तू म्हनला हुतास ना सचिन, हात लागंल त्ये नव्यावर जातं? म्हून लावला हात. म्हनलं म्हातारी डिस्क कधी जाईल नेम न्हाई, आपली लग्नं तेवढी नव्यावर चढून बसूद्यात."

सचिन आधी वहीकडे बघत राहिला, मग खाली बसला आणि पोट धरून हसला. "अहो मामा! एवढं तर आमच्या शिकवणाऱ्या सरांनासुद्धा कळलं नव्हतं. कोठीतलं सगळं धान्य तुम्ही ओट्यावर आणून मांडलंत, मग ताईंनी पोळ्या लाटायच्या कुठं?"

धनश्री हसली नाही. वहीची पानं उलटत होती. पानापानांवर तारखा, गावं, आणि त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा.

"दीड महिना," ती म्हणाली. "आणि आठवडाभर मी याला नाही नाही ते बोलतेय. मला सांगायचं नाही होय, मामा?"

"सांगून काय केलं असतंस? त्या कॅसेटींवानी..." कारभारींनी वाक्य गिळलं. पण ते अर्धं बाहेर पडलंच होतं, आणि धनश्रीचा चेहरा उतरला. तीन पोती तिलाही आठवली असावीत.

सचिन तोवर कामाला लागला होता. इलाज आता सोपा होता. दिपालीचं काम त्याने एसएसडीवर पक्कं बसवलं आणि जुन्या लग्नांना हुकूम दिला की आपापल्या जागी परत जा.

"जागी म्हंजी कुठं?" कारभारींनी घाबरून विचारलं.

"होती तिथंच, मामा. पुसत नाही काही. तुमचं एकही लग्न मोडलेलं नाही."

कारभारींचा जीव भांड्यात पडला. तरी ते आत थांबले नाहीत. बाहेरच्या बाकावर पेपर उलटा धरून बसले. मशीन पळायला लागल्याचं त्यांना आतल्या की-बोर्डच्या आवाजावरूनच कळलं. धनश्री खूश असली की की-बोर्ड जोरात बडवते.

पावणेतीनला दिपाली आली. बरोबर तिची आई, गोजरबाई. हिरवं लुगडं, बाजाराची पिशवी, आणि राजूरहून दोन तास एसटीत उभं राहून आल्याचा थकवा. जावईबापू बसस्टँडवर सामान राखत बसले होते. काम शेवटच्या टप्प्यात होतं, पाठवणी तेवढी राहिली होती. धनश्रीने दोघींना स्टुलं दिली. गोजरबाई बसल्या, पण त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. त्या दारातून कारभारींकडे बघत होत्या.

"ओ पाव्हनं," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमी त्येच का? शूटिंगवालं कारभारी? मला दोनदा रडाया लावल्यालं?"

कारभारींनी पेपर खाली घेतला. "कुठलं गाव तुमचं, बाई? म्हायेर."

"राजूरच्या वरल्या अंगाला. पठारावर. आमच्यात त्या साली पहिलंच शूटिंग, निसतं तुमाला बघाया चार वाड्या लोटल्या हुत्या."

"नवरदेवाचा फेटा वाऱ्यानं उडून इहिरीकडं गेल्ता," कारभारी म्हणाले.

"आगं बया!" गोजरबाईंनी तोंडावर पदर घेतला.

मग त्यांनीच ती हकीकत सांगितली. पाठवणीला गोजरबाई आईबापाच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या, जीपमध्ये बसल्या, जीप सुटली. तेवढ्यात हा माणूस मागून ओरडत पळत आला. कॅसेट मधेच संपली होती, रडणं आलंच नव्हतं. जीप मागं घ्या, म्हणाला, बाईला उतरवा, परत रडा. सगळी परत जागेवर उभी राहिली. बापाने हात पसरले, लेक जवळ गेली, आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं मात्र...

"मला हासूच फुटलं. मी हासले तसा आबा बी हासला. आवरंचना. हासत हासत सासरी गेले मी. सासूनं वीस वरसं ऐकवलं, हासत आलेली नवरी म्हनून."

"ही गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितलीय," दिपाली म्हणाली, "पण कॅसेट कोणीच बघितली नाही. घरात टीव्ही येईपर्यंत ती पावसाळ्यात कुजून गेली. माझा मामा, आईचा भाऊ, तर म्हणतो, असं काही झालंच नव्हतं, आईच्या मनाचे खेळ आहेत."

कारभारी बाकावरून उठले. आत आले. कॉम्प्युटरपाशी येऊन थांबले, कारण आता मशीनला हात लावायचा म्हणजे धनश्रीला विचारायला हवं होतं.

धनश्रीने घड्याळ बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं. ती उठली आणि त्यांना खुर्ची दिली.

फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. कारभारींना आकड्यांशी कर्तव्य नव्हतं. "वैशाख. त्या साली धाकटी बहीन बाळंतपनाला आल्ती... म्हंजी ह्यो गठ्ठा. आधी कोतूळचं, मग हे." त्यांनी एका आकड्यावर दाबलं. हे लग्न वहीतल्या पाळीत अजून आलेलं नव्हतं, ते जुन्या डिस्कवरच झोपलेलं होतं. गोल चक्कर मारायला लागला. टेबलाखाली तबकड्या फिरल्या, घरघर झाली. दिपालीने बसस्टँडवर फोन करून पाच मिनिटं मागितली. एवढा वेळ लागतोय म्हटल्यावर कारभारींच्या मनात आलं, बंद पडली तर? आत्ताच, गोजरबाईंसमोर बंद पडली तर?

चित्र उघडलं. जरा फिकट, कडेला रेघा पडलेलं. पठार, वारा, आणि हिरव्या शालूतली वीस वर्षांची मुलगी. समोर पांढऱ्या टोपीतला बाप हात पसरून उभा. मुलगी दोन पावलं गेली, थांबली, आणि खांदे गदगदायला लागले. आधी वाटलं रडतेय. मग तिने तोंड वर केलं.

दुकानात त्या हसण्याचा आवाज भरून राहिला. बाप टोपी सावरत हसत होता, मागच्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि कॅमेऱ्याच्या मागून तरुण कारभारी वैतागून ओरडत होते, "अवो रडा की, कॅसेट चाललीय!"

गोजरबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "आबा," त्या म्हणाल्या. "दात पडायच्या आधीचा हाय ह्यो आबा." आणि त्या पुन्हा तशाच हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. या खेपेला दोन्ही एकदम झालं.

दिपाली आईच्या खांद्याला धरून उभी होती. "मला पाठवणीला रडूच आलं नाही परवा," ती धनश्रीला म्हणाली. "सगळ्या आत्या कुजबुजत होत्या. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

धनश्रीने तिच्याकडे बघितलं. मग कारभारींच्या बाजूला स्टूल ओढून ती बसली, माउस हातात घेतला, आणि कोणी न सांगता त्या जुन्या लग्नातलं ते दीड मिनिट कापलं. दिपालीची पाठवणी सुरू होते त्याच्या बरोबर आधी ते नेऊन बसवलं. रंग उठून दिसत होते, एक फिकट, एक झगझगीत. तिने ते सारखे करायचा प्रयत्न केला नाही.

"असंच राहू दे ना?" तिने सासऱ्याला विचारलं.

मिक्सिंगमध्ये ती त्यांना पहिल्यांदाच काही विचारत होती. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

चारला पाच कमी असताना पेनड्राइव्ह तयार झाला. मायलेकी बसस्टँडकडे अक्षरशः पळत गेल्या. गोजरबाई वळून म्हणून गेल्या की आमच्या वाडीत अजून सहा जणींची लग्नं यांनीच काढलीत, त्यांना सांगते.

दुकान शांत झालं. धनश्रीने सचिनला फोन लावला. दोन दिवसांत एक मोठी डिस्क आण, म्हणाली, मामांच्या सगळ्या लग्नांची दुसरी प्रत काढायची आहे, आणि ती इथे नाही, घरी कपाटात ठेवायची. मग फोन ठेवून ती कारभारींकडे वळली. तिचा आवाज कडकच होता.

"आणि सकाळी सहाला मशीनला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

"त्या कॅसेटी मी तुम्हाला न विचारता दिल्या, मामा. चुकलंच माझं." हे बोलताना ती पडद्याकडे बघत होती. तिने जुन्या लग्नांचा गठ्ठा उघडला. तीनशे बारा फाइली, नुसते आकडे. "यातलं कोण कोण आहे, ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. मला नाही, भागवतला नाही, या मशीनला तर नाहीच. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"समद्यांचं?" कारभारींनी विचारलं.

"सगळ्यांचं. गाव, नवरा, नवरी, आणि कोण काय करत होतं तेसुद्धा."

कारभारी पडद्याकडे बघत राहिले. कधीतरी कोणाला तरी सांगायला मिळतील म्हणून पंचवीस वर्षं जपलेली माणसं होती ती, आणि आता एकदम सगळी दाराशी येऊन उभी राहिली होती. कोणापासून सुरुवात करावी ते त्यांना कळेना.

"लिही," ते म्हणाले. "जरा दमानं लिही पन. लई जन हायेत."